गोरव्याच्या ओळीतलं शून्य

विलास, आज सकाळी संपादकांकडून एक फॉर्म आला. तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर अजून चार ओळी लिहिलेल्या नाहीत. विभागाच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तर मी "विलास" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. गहिवर होताच, पण खरं कारण वेगळं होतं. मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि शोकसभेत गेलेल्या माणसाशी भांडायची पद्धत नाही.

फॉर्म साधा आहे. अहवालातलं आपलं प्रकरण छापायला जाण्यापूर्वी एका प्रश्नापुढे खूण करायची: सर्व लेखकांनी शेवटचा मसुदा पाहिला असून तो त्यांना मान्य आहे का? लेखक दोनच. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. तुझ्या वतीनेही मीच खूण करावी, असं त्यांनी फार अदबीने लिहिलं आहे. वर शोक कळवला आहे, खाली मुदत कळवली आहे. चहा दोनदा गार झाला, तरी मी अजून त्या प्रश्नापुढेच बसून आहे. तुला मान्य होतं का, विलास?

तुझ्या पदव्या, तुझी पदं, हे सगळं विभागाने फळ्यावर लावलंय. त्यात एक साल चुकलंय, ते मी दुरुस्त करत नाही. मला त्या माणसाशी काही देणंघेणं नाही. मला ओळखीचा आहे तो इथे बडोद्यात अकोट्याच्या पुलावर भर वाहतुकीत स्कूटर थांबवून मागे वळून "वसू, तुझं गृहीतक खोटं आहे" असं ओरडणारा माणूस. मागच्या रिक्षावाल्याने तुला गुजरातीत जे काही ऐकवलं, तेही तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि त्याला म्हणालास, "तमारी वात साची छे, भाई. पण हिची खोटी आहे."

बावीस वर्षं आपण एकत्र काम केलं आणि त्यातली निम्मी तरी भांडणात गेली. तुमच्या घरात सगळे संस्थानच्या फौजेतले, आमच्या घरात सगळे कचेरीतले. "कारकुनांची पोर, शून्यसुद्धा वळणदार काढते," असं तू म्हणायचास. मी म्हणायची, "आणि शिपायांचा पोर, दोन अधिक दोनसुद्धा हल्ला करून सोडवतो." बडोद्यात मराठी माणसं काही कमी नाहीत, पण हवामान बदलाचं अर्थशास्त्र करणारी आणि त्यावरून मराठीत भांडणारी आपण दोघंच असू. बाहेरच्या लोकांना वाटायचं, यांचं आता कायमचं फाटलं. दुसऱ्या दिवशी आपण त्याच टेबलाशी असायचो.

आपलं सगळ्यात जुनं भांडण आठवतं? पन्नास वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाला उन्हाचा, पुराचा, नासलेल्या पिकाचा जो फटका बसेल, तो आज किती मोठा धरायचा? मी म्हणत होते, जवळजवळ पूर्ण धरायचा. तो नंतर जन्माला आला हा काही त्याचा गुन्हा नाही. तू म्हणत होतास, माणसं स्वतःचा उद्याचा दिवससुद्धा स्वस्तात काढतात, तर परक्याच्या नातवाचं काय घेऊन बसलीस. "आपण जगाला शिकवायला बसलो नाही ने, वसू. जग वागतं तसं मांडायचं. रडून आकडा हलत नाही." सहा महिने आपण त्यावर बोललो, मग चिडलो, मग बोलणं बंद केलं. शेवटी तूच तोडगा काढलास की दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापायची आणि वाचणाऱ्याला ठरवू द्यायचं. तेव्हापासून आपला तो रिवाजच झाला. भांडण मिटत नसेल तर दोन्ही उत्तरं छापायची. या वेळी मी तो रिवाज मोडला, कारण मला घाई होती.

हे काम मोठं होतं. साऱ्या जगाचं गणित मांडणारा एक प्रोग्राम, त्यात प्रत्येक प्रदेशाच्या ओळी. तापमान चढलं की या ओळीतलं पीक किती घटेल, त्या ओळीतलं काम किती घटेल, हे तिथल्या तिथल्या लोकांनी भरायचं. मग सगळ्या ओळींची बेरीज आणि तेच जगाचं नुकसान. आपल्या वाट्याला आपल्याकडचे छोटे कारखाने आले, पत्र्याच्या शेडमधले. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखानदारांनी भलेपणाने बऱ्याच वर्षांची उत्पादनाची वही उघडून दिली: कुठल्या दिवशी किती नग तयार झाले. मी जानेवारीचे नग आणि मेचे नग समोरासमोर ठेवले. फरक नव्हता. इतकं स्वच्छ उत्तर आपल्या धंद्यात क्वचित मिळतं. मी खूश होऊन तुला फोन केला. "गोरव्याची ओळ झाली. उन्हामुळे घट शून्य."

तू आकडा पुन्हा म्हणायला लावलास. मग म्हणालास, "मे महिन्यात, पत्र्याखाली, घट शून्य? जाऊन बघायला हवं."

मला पेपर तपासायचे होते. तू गेलास. एप्रिल-मेमध्ये चार वेळा गेलास आणि चारही वेळा जयंतीभाईंच्या शेडमध्ये बसलास. जयंतीभाई ग्राइंडिंगवर आहेत, पगार नगावर. तू येऊन मला सांगितलंस की मे महिन्यात ते उजाडताच मशीन सुरू करतात. अकराला अंग चालेनासं होतं, तेव्हा शेडच्याच फरशीवर पाणी ओतून आडवे होतात. पाचला परत उठतात आणि अंधार पडेपर्यंत उरलेले नग पुरे करतात. हिवाळ्यात आठ तासांत होणारं काम चौदा तासांवर पसरतं. वहीत मात्र आकडा तोच लागतो. "नग तेवढेच आहेत, वसू. माणूस तेवढा राहिलेला नाही."

मला ते पटलं होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते. पटलं होतं, पण त्याचं करायचं काय हे कळत नव्हतं. प्रोग्राम विचारतो ते उत्पादन किती घटलं एवढंच. फरशीवर आडवं होण्याचा रकाना त्यात नाही.

मग तू समा भागात आलास, माझ्या घरी, तुझ्या जाण्याच्या तीन आठवडे आधी. वर आलाच नाहीस. खालून फोन केलास, "तूच ये ने खाली, बाकावर बसू. हवा छान आहे." मे महिन्यात, दुपारी चार वाजता, समाला हवा छान! आणि मी, जी जन्मभर तापमानाचे तक्ते वाचत आली, तिने ते खरं मानलं. तीन मजले उतरून ओलसर लीलो चेवडो आणि ताक घेऊन खाली आले. स्कूटर दिसली नाही म्हणून विचारलं, तर म्हणालास गॅरेजमध्ये टाकलीय. तेही खरं मानलं.

"शून्य म्हणजे काय?" तू सुरुवातच तिथून केलीस. "आपण मोजलं आणि काही सापडलं नाही, म्हणजे शून्य. इथे आपण मोजलंच नाही. रकाना रिकामा ठेव."

"प्रोग्राम रिकाम्या रकान्याला शून्यच वाचतो."

"मग प्रोग्राम बदल."

"साऱ्या जगाचा?"

"हो, साऱ्या जगाचा. आपल्याला काय नुसतं नाश्त्याला बोलावलंय?"

मी हसले, तू हसला नाहीस. मी म्हटलं, "बरं, भाव सांग. जयंतीभाईंच्या थकव्याचा भाव सांग, मी आत्ता घालते."

"भाव माहीत नाही म्हणून शून्य धरलंस, तर तोही भावच झाला ने. सगळ्यात स्वस्त भाव."

"तळटीप टाकते."

"बेरजेत तळटीप येते का कधी?"

मुदत जवळ आली होती. परदेशातले, प्रोग्राम चालवणारे लोक रोज विचारत होते. भारतातली माणसं आकडे मागितले की गाऱ्हाणी पाठवतात, असं कुणी म्हणू नये याची मला धास्ती होती. आणि मला जिंकायचंही होतं, खोटं कशाला बोलू. मी तुझंच वाक्य तुझ्या अंगावर टाकलं. "रडून आकडा हलत नाही, विलास. तूच म्हणायचास."

तू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलास. चेवड्याची बशी तशीच होती. मला वाटलं, निरुत्तर झालास. तू दम घेत होतास हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मग म्हणालास, "टाका मॅडम. तुम्ही टाका शून्य." आणि उठून, फार हळू चालत, फाटकाबाहेर रिक्षा करून गेलास. रुसलाय, येईल ताळ्यावर, असं म्हणत मी बशी उचलली.

मी शून्य टाकलं. तुझी फाइल त्या गुरुवारी दुपारी बाराच्या आत आली, नेहमीसारखी. हिशोबाचा नवा फेरा, तक्ते, सगळं जागच्या जागी. सोबत एक शब्द नाही. पुढच्या गुरुवारी पण तसंच. तिसऱ्या गुरुवारी पण फाइल आली, आणि शुक्रवारी सकाळी तुझ्या बायकोचा, मंजिरीचा फोन आला, तू गेल्याचा.

त्या तीन आठवड्यांत विभागात कुणीतरी मला विचारलं होतं, "विलाससर दिसत नाहीत हल्ली, बरे आहेत ना?" मी काय उत्तर दिलं माहीत आहे? "मस्त आहे. फाइल टाइमसर येते."

मंजिरीने मला सगळं दहाव्या दिवशी सांगितलं. अकोट्याच्या घरी, तुझ्या झोपाळ्यावर ती बसली होती, मी समोर खुर्चीत. तिने साडीचा पदर हातात गुंडाळून ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. "दिवाळीपासून, वसूताई. डॉक्टर म्हणाले, हार्टचं पंपिंग फार कमी झालंय, आराम करा. मला शपथ घातली त्यांनी. म्हणाले, वसूला कळलं तर ती काम बंद पाडेल."

मी म्हटलं, "पण फाइल तर दर गुरुवारी येत होती."

"येणारच ने. आधी दोन दिवसांत करायचे, ते मग पाच दिवस चालायचं. सकाळी थोडं बसायचे, मग आडवे. संध्याकाळी थोडं, मग आडवे. तीन उशा लावून. पण गुरुवार चुकवायचा नाही. आणि फाइल गेली की शनिवारपर्यंत उठत नव्हते हो. जेवायलाही मी तिथेच द्यायची."

मी ऐकत होते आणि मला गोरव्याची वही दिसत होती. काम तेवढंच ठेवलं, दिवस वाढवले. तू मला तेच सांगत होतास, दोन महिने, दर वेळी नवं उदाहरण देऊन, आणि मी नग मोजत होते. जयंतीभाईंच्या बाबतीत मी चुकले ते समजू शकते, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तुला तर मी बावीस वर्षं पाहत आले. तुझी मोजणीही मी फाइलवरूनच केली. फाइल वेळेवर, म्हणजे विलासमध्ये घट शून्य. अशी चूक दुसऱ्या कुणी बाईने केली नसती. भाजीवालीनेसुद्धा तुझ्याकडे बघून विचारलं असतं, काय हो, चेहरा का उतरलाय. मीच एक शहाणी, जिला माणसाकडे न बघता त्याचं बरंवाईट सांगता येतं.

तुझा मला रागही आहे. हो, मी काम बंद पाडलं असतं. तुला दवाखान्यात नेऊन बसवलं असतं, संपादकांना कळवलं असतं, प्रकरण पुढच्या खेपेला ढकललं असतं. ते तुला नको होतं. "आमच्या घरात रजा मागत नाहीत," हे तू इतक्यांदा अभिमानाने सांगितलंस की मला ते चेष्टेचं वाटायला लागलं होतं. असला कसला रे अभिमान? जयंतीभाईंना नगावर पोट भरायचं होतं, त्यांचा इलाज नव्हता. तुझा होता. एक फोन केला असतास तर काय झालं असतं? मी ओरडले असते, एवढंच ना? माझं ओरडणं तुला काय नवीन होतं!

परवा मी गोरव्याला गेले. जयंतीभाईंना तुझी बातमी द्यावी म्हणून. आणि दुसरंही कारण होतं, ते सांगायला लाज वाटते. तू म्हणत होतास तेवढं काही नसेल, तू वाढवून सांगितलं असशील, अशी कुठेतरी आशा होती. म्हणजे शून्य तसंच ठेवता आलं असतं. सकाळचे साडेदहा होते. शेडच्या आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा तापला. तक्त्यात मी या जागेला 'घरातलं काम' असं लिहिलं होतं, म्हणजे सावलीतलं, म्हणून सौम्य.

जयंतीभाईंना बातमी आधीच कळली होती. त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले, एक लाकडी खोकं पुढे ओढून मला त्यावर बसायला सांगितलं. म्हणाले, "साहेब अहींया ज बेसता. शेडमां आवे ने पहेलां बेसी जाय. श्वास चढतो हतो, बेन. में पहेले ज दिवसे पूछ्युं, साहेब, तबियत बराबर नथी?"

आल्याआल्या तू इथेच बसायचास, धाप लागलेली असायची, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तब्येत विचारली होती. मी विचारलं, "मग काय म्हणाले?"

"कहे, तमारा जेवुं ज छे, जयंतीभाई. काम पूरुं थई जाय छे."

तुमच्यासारखंच आहे, काम पुरं होतं. विलास, त्या माणसाने तुला पहिल्याच भेटीत विचारलं. तू चार वेळा गेलास आणि त्याला खरं उत्तर दिलंस. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तमने खबर नहोती?" मला माहीत नव्हतं, अशी मी मान हलवली. त्यांनी माठातलं पाणी आणून दिलं. मला रडू आलं ते तिथे, मशीन बंद असलेल्या त्या शेडमध्ये, चार अनोळखी माणसांच्या देखत, पोटभर. त्यांनी कुणी मला थांबवलं नाही.

रडणं आवरल्यावर मी वही काढली आणि तू विचारत होतास ते प्रश्न विचारले. किती वाजता उठता, किती वेळ आडवे होता, घरी गेल्यावर काय करता. जयंतीभाई म्हणाले, घरी गेल्यावर काही नाही, मुलगी हाक मारते ती ऐकू येत नाही. त्याचा भाव मला अजूनही माहीत नाही. पण ते मी लिहून घेतलं.

आता हा फॉर्म. शब्दांवर बोट ठेवायचं तर तू मान्य केलंच होतंस. "टाका" असं स्पष्ट म्हणालास. मी 'हो'वर खूण केली तर जगात कुणी मला खोटं ठरवू शकणार नाही, साक्षीला बाकावर तिसरं कुणी नव्हतं. आपलं बावीस वर्षांतलं सगळ्यात मोठं काम छापून येईल, तुझं नाव पहिलं, आणि मंजिरी ते पान फ्रेम करून भिंतीला लावेल. 'नाही' म्हटलं तर कदाचित प्रकरणच गाळतील. मुदत गेली, असं सांगतील, आणि त्यांचं काही चुकणारही नाही. मी मंजिरीला फोन करून फॉर्मचं आणि बाकावरचं तुझं "टाका मॅडम", दोन्ही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तुम्हाला मॅडम कधी म्हणायचे, ताई?"

मी म्हटलं, "पटलं नाही की."

"मग झालं तर."

मी 'नाही'वर खूण केली. खाली कारण लिहायला जागा होती, दोन-तीन ओळींची. मी लिहिलं: गोरव्याच्या ओळीतलं शून्य पहिल्या लेखकाला मान्य नव्हतं. तो बरोबर होता. दुसरी लेखिका आता त्याच्याशी सहमत आहे.

आणि पाठवून दिलं. बावीस वर्षांत हे वाक्य मी तुला एकदाही ऐकवलं नव्हतं, विलास.